आईच्या गळ्याची सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये 'हायपोएकोइक' लिहून आलंय. कोणी समजावून सांगेल का?

नंदनवनची_लेक
नमस्कार मंडळी. आई ५८ वर्षांची आहे. दिवाळीपासून सारखी थकून राहिली होती, केस गळून राहिले होते, आणि या मे महिन्यात कूलरसमोर बसून ही बाई म्हणे मला थंडी वाजते. बाहेर ४४ डिग्री आणि आई शाल मागते, तेव्हा मी घाबरली आणि फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. थायरॉईडची रक्ततपासणी केली, टीएसएच ८.९ आला, म्हणजे वाढलेला, हायपोथायरॉईड म्हणाले, फ्री टी४ नॉर्मल. डॉक्टरांनी गळ्याला हात लावून पाहिला आणि उजवीकडे काहीतरी लागतंय म्हणून सोनोग्राफी लिहून दिली.

सोनोग्राफी झाली, पण तिथे कोणी एक शब्द बोललं नाही, पाकीट हातात दिलं आणि पुढचा नंबर. रिपोर्ट असा आहे: उजवा लोब ४.८ × १.७ × १.६ सेंमी, डावा ४.५ × १.५ × १.५ सेंमी, इस्थमस ४ मिमी. पॅरेन्कायमा हेटरोजीनियस आणि हायपोएकोइक. उजव्या लोबमध्ये १.७ × १.२ × १.० सेंमीची सॉलिड, आयसोएकोइक गाठ, कडा स्मूद, कॅल्सिफिकेशन नाही. टायरॅड्स ३.

रक्तातही हायपो, सोनोग्राफीतही हायपो, म्हणजे दोन्हीकडून एकच आजार पक्का झाला असं मी धरून चालली आहे, आणि त्यावर ही गाठ. आमच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारची आहे. रात्री झोप नाही. आईला तर 'गाठ' हा शब्दच सांगितला नाही अजून.

महालवाली_वहिनी
अगं आधी श्वास घे. मी १४ वर्षांपासून थायरॉईडची गोळी घेते, दोन लेकरं झाली, नोकरी केली, सगळं व्यवस्थित चाललंय. गाठीचं मला कळत नाही, ते जाणकार सांगतील, पण ८.९ टीएसएच म्हणजे आभाळ कोसळलं नाही. माझा पहिल्यांदा ६० च्या वर होता.

सोनो_धंतोली
ताई, मी रेडिऑलॉजिस्ट आहे, रोज गळ्याच्या सोनोग्राफी करतो. तुमच्या आईंना मी पाहिलं नाही त्यामुळे उपचाराचं काही सांगणार नाही, ते सोमवारी डॉक्टरच सांगतील. पण रिपोर्टची भाषा नक्की समजावून सांगतो, कारण तुमची जी गल्लत झाली ती माझ्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांची होते.

हे दोन 'हायपो' वेगवेगळे आहेत. रक्ताच्या रिपोर्टमधला हायपो म्हणजे ग्रंथी हार्मोन कमी बनवते. सोनोग्राफीतला हायपोएकोइक म्हणजे फक्त इतकंच की तो भाग पडद्यावर काळपट दिसला. आवाजाच्या लहरी आत गेल्या, कमी परत आल्या, म्हणून चित्र काळसर. बस. तो रंगाचा शब्द आहे, कामाचा नाही.

आता काळपट म्हणजे कशाच्या तुलनेत, ते सांगतो. पेशंटला झोपवून खांद्याखाली उशी देतो म्हणजे मान मागे झुकते, मग जेल लावून ७ ते १५ मेगाहर्ट्झचा छोटा लांबट प्रोब गळ्यावर आडवा ठेवतो. पडद्यावर अगदी मधोमध श्वासनलिका दिसते, एखाद्या कमानीसारखी, तिच्यात हवा असल्यामुळे तिच्या खाली सगळी सावली. कमानीच्या दोन्ही बाजूंना थायरॉईडचे दोन लोब, आणि कमानीवरून दोघांना जोडणारी पातळ पट्टी म्हणजे इस्थमस. लोबच्या बाहेरच्या अंगाला काळा गोल ठोके देत असतो, ती कॅरोटिड. तिच्या बाजूला दुसरा काळा आकार, प्रोबने थोडं दाबलं की चपटा होतो, ती शीर, जुग्युलर. डाव्या लोबच्या मागून अन्ननलिका डोकावते, नवीन शिकणाऱ्या पोरांना ती गाठ वाटते, म्हणून आम्ही पेशंटला थुंकी गिळायला लावतो, गिळताना ती हलते आणि आतून चमकणारं पाणी सरकताना दिसतं.

लोबच्या वर, चामडीच्या खाली, गळ्याचे पातळ पट्ट्यांसारखे स्नायू असतात. ते काळपट दिसतात. निरोगी थायरॉईड त्या स्नायूंपेक्षा उजळ दिसते, एकसारखी, बारीक दाणेदार, रव्यासारखी. तुमच्या आईंची ग्रंथी, रिपोर्टमधला पॅरेन्कायमा म्हणजे तिचंच मांस, त्यापेक्षा काळपट आणि ठिकठिकाणी वेगवेगळी दिसली, म्हणून हायपोएकोइक आणि हेटरोजीनियस लिहिलं. गाठ मात्र आयसोएकोइक आहे, म्हणजे आजूबाजूच्या ग्रंथीइतकीच उजळ. दोन वाक्यांत दोन वेगळ्या गोष्टींबद्दल लिहिलंय, ते एकत्र करून वाचू नका.

नंदनवनची_लेक
सर, मनापासून धन्यवाद. पण मग ग्रंथी काळी काहून झाली? आणि तिचा टीएसएचशी काहीच संबंध नाही का?

सोनो_धंतोली
संबंध आहे, पण तो मधल्या एका पायरीतून येतो. थायरॉईड आतून लाखो सूक्ष्म पिशव्यांची बनलेली असते, त्यांना फॉलिकल म्हणतात, आणि प्रत्येक पिशवीत कोलॉइड नावाचा घट्ट चिकट द्रव भरलेला असतो. इतक्या पिशव्या, इतक्या भिंती, प्रत्येक ठिकाणी आवाजाची लहर थोडी थोडी परतते, म्हणून निरोगी ग्रंथी उजळ. हाशिमोटो नावाच्या आजारात शरीराच्याच पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरतात, पिशव्या मोडत जातात, कोलॉइड कमी होतं, लहर परतवणाऱ्या जागाच कमी होतात, आणि चित्र काळं पडतं. तीच मोडतोड हार्मोनचं उत्पादनही हळूहळू घटवते. म्हणून दोन्ही बऱ्याचदा सोबत सापडतात, पण कित्येकांची ग्रंथी काळपट दिसते आणि टीएसएच वर्षानुवर्षं नॉर्मल राहतो. अ‍ॅण्टी टीपीओ नावाची रक्ताची तपासणी यात मदत करते, डॉक्टर बहुतेक लिहून देतील.

हे नाव हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनचं, १९१२ साली त्यांनी चार पेशंटच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे वर्णन केलं होतं. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, पण त्यांनी ज्या पांढऱ्या पेशी पाहिल्या त्याच आज आम्हाला पडद्यावर काळ्या दिसतात.

सक्करदरा_काका
मी शरीररचनाशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. डॉक्टरांनी फार नीट सांगितलं. त्यात जागेबद्दल थोडं घालतो, कारण जागा समजली की पुढचं अर्धं आपोआप समजतं.

लेकी, तू आईला आरशासमोर उभं कर, मान थोडी वर करायला सांग आणि एक घोट पाणी प्यायला दे. गिळताना गळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी वर जाऊन खाली येताना दिसेल. थायरॉईड श्वासनलिकेला आणि स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेला घट्ट बांधलेली असते, बेरीचा लिगामेंट म्हणतात त्याला, त्यामुळे गिळताना स्वरयंत्र वर गेलं की ही पण सोबत जाते. गळ्यातली गाठ गिळताना वर सरकली तर ती थायरॉईडची असण्याची शक्यता जास्त. एमबीबीएसच्या पोरांना पेशंटच्या मागे उभं करून, दोन्ही हातांनी हळूच गळा धरून हे शिकवायचो, आणि पेशंटच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायला विसरला की त्याला परत करायला लावायचो.

इस्थमस श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कड्यासमोर असते, दोन्ही बाजूंना लोब, फुलपाखरासारखा आकार. मोठ्या माणसाची सगळी मिळून १५ ते २५ ग्रॅम. मराठी पाठ्यपुस्तकात अवटू ग्रंथी म्हणतात. ही ग्रंथी मुळात गळ्यात तयार होत नाही हे फार कमी लोकांना माहीत असतं. गर्भात ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली उतरत गळ्यात येते. उतरताना मागे एक बारीक नळी राहते, ती नंतर नाहीशी होते. कधी ती राहून गेली तर गळ्याच्या मध्यावर पाण्याची गाठ होते आणि ती जीभ बाहेर काढल्यावर वर सरकते. क्वचित ग्रंथी उतरतच नाही, जिभेवरच राहते. अशा वेळी जिभेवरची गाठ म्हणून ती काढून टाकली तर त्या माणसाची एकमेव थायरॉईड गेली. म्हणून असं काही काढायच्या आधी गळ्यात ग्रंथी आहे का ते सोनोग्राफीत पाहायलाच हवं, हे मी प्रत्येक बॅचला बजावून सांगायचो.

प्रतापनगर_भाऊ
मला इथे एक गोष्ट लिहायचीच आहे, वरचं वाचून कोणी 'टीएसएच नॉर्मल आहे म्हणजे झालं' असं समजू नये म्हणून.

माझा टीएसएच नेहमी २ च्या आसपास. दाढी करताना डाव्या बाजूला बोराएवढं काहीतरी दिसायचं, बायको म्हणायची दाखवून या, मी म्हणायचो अगं रिपोर्ट नॉर्मल आहे न. एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथेही टीएसएच पाहून परत पाठवलं. दोन वर्षं अशीच गेली. मग भावाने जबरदस्ती सोनोग्राफी करवली. गाठ एकदम काळी, कडा वेड्यावाकड्या, आत बारीक पांढरे ठिपके, आणि रुंदीपेक्षा उंची जास्त. सुई टाकून तपासणी झाली, पॅपिलरी नावाचा थायरॉईडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, आज चार वर्षं झाली, मी ठीक आहे, रोज सकाळी स्कूटरने ऑफिसला जातो. पण ती दोन वर्षं मी फुकट घालवली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. गाठीला टीएसएच कळत नाही भाऊ. रक्त सांगते ग्रंथी काम कसं करते, सोनोग्राफी सांगते ती दिसते कशी. दोन प्रश्न आहेत, दोन उत्तरं लागतात.

सोनो_धंतोली
प्रतापनगर भाऊ, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. कॅन्सर असलेल्या बहुतेक लोकांचा टीएसएच नॉर्मलच असतो.

नंदनवन ताई, भाऊंनी ज्या चार खुणा सांगितल्या त्या तुमच्या आईंच्या गाठीत एकही नाही, हे बघा. टायरॅड्स म्हणजे गाठीला गुण देण्याची पद्धत, गुण जितके जास्त तितका कॅन्सरचा संशय जास्त, अमेरिकन रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेची २०१७ ची आम्ही बरेच जण वापरतो. गाठ भरीव आहे म्हणून २ गुण, आजूबाजूच्या ग्रंथीइतकी उजळ म्हणून १, आडवी पसरलेली म्हणून ०, कडा स्मूद म्हणून ०, कॅल्सिफिकेशनचे ठिपके नाहीत म्हणून ०. बेरीज ३, म्हणून टायरॅड्स ३. याच गाठीत बारीक ठिपके असते तर त्यांचेच आणखी ३ वाढले असते, उभी असती तर आणखी ३. 'उभी' म्हणजे प्रोब आडवा ठेवल्यावर दिसणाऱ्या चित्रात पुढून मागे जास्त आणि रुंदीला कमी. साधी गाठ ग्रंथीच्या थरांमध्ये आडवी पसरते, थर फोडून उभी वाढणारी गाठ आम्हाला आवडत नाही.

या पद्धतीत टायरॅड्स ३ ची गाठ २.५ सेंमी झाल्याशिवाय सुई टाकायला सांगत नाहीत, १.५ च्या वर असेल तर लक्ष ठेवतात, एक, तीन आणि पाच वर्षांनी पुन्हा सोनोग्राफी. तुमची १.७ आहे. टायरॅड्स ५ असती तर १ सेंमीलाच सुई. आईंच्या घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर, लहानपणी मानेला रेडिएशन, असं काही असेल तर सोमवारी नक्की सांगा, त्याने निर्णय बदलू शकतो.

आणि ग्रंथी वाढली आहे का हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असेल. प्रत्येक लोबची तीन मापं गुणून ०.५२ ने गुणायचं. उजवा साधारण ६.८ मिली, डावा ५.३, मिळून १२ च्या थोडं वर. बायकांमध्ये १८ पर्यंत आम्ही नॉर्मल धरतो. म्हणजे गलगंड नाही. इस्थमस ४ मिमी किंचित जाड आहे, ते हाशिमोटोत दिसतं.

नंदनवनची_लेक
सर तुम्ही हिशोब करून दाखवला तेव्हा मला रडू आलं, खरं सांगते. कोणी इतकं बोललंच नव्हतं.

भाऊ तुम्ही बरे झाले हे वाचून फार बरं वाटलं. ऑपरेशननंतर आवाजाला त्रास झाला का तुम्हाला? आई भजन म्हणते, तिचा पहिला प्रश्न हाच असेल.

प्रतापनगर_भाऊ
झाला होता. जवळजवळ दीड महिना आवाज बसलेला होता, फोनवर आई ओळखायची नाही. हळूहळू आला. आणि दुसऱ्या दिवशी ओठांभोवती, बोटांच्या टोकाला मुंग्या, तर कॅल्शियमची सलाईन लावली, नंतर गोळ्या काही महिने. पण तुमच्या आईला ऑपरेशन लागूनच नाही राहिलं न ताई, तिला आता हे सांगू नका.

सक्करदरा_काका
भाऊंना जे झालं त्याची दोन्ही कारणं ग्रंथीच्या मागेच बसलेली असतात. आवाजाची नस श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून वर येते, थायरॉईडला अगदी चिकटून. डावी नस तर छातीत जाऊन महाधमनीला वळसा घालून परत वर येते, म्हणून इंग्रजीत तिचं नावच परत फिरणारी असं आहे. ऑपरेशनमध्ये तिला नुसता ताण पडला तरी आवाज बसतो आणि बहुतेकांचा काही आठवड्या-महिन्यांत परत येतो. मुंग्यांचं कारण म्हणजे मागच्या बाजूला असलेल्या पॅराथायरॉईड, साधारण चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या. नावात थायरॉईड असलं तरी त्यांचं काम वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं. त्या काही दिवस मलूल झाल्या की कॅल्शियम उतरतं.

महालवाली_वहिनी
काका, एक विचारू? मला इतकी वर्षं झाली तरी हे कोडंच आहे की टीएसएच वाढला तर थायरॉईड कमी. उलटं काहून असते?

सक्करदरा_काका
टीएसएच थायरॉईड बनवतच नाही. तो मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी पाठवते. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी दिसलं की ती जोरात आवाज देते, 'बनव, अजून बनव'. तो आवाज म्हणजे टीएसएच. घरात सून उठली नाही की सासूचा आवाज चढतो, तसं. ग्रंथी सुस्त म्हणून टीएसएच जास्त, ग्रंथी अति करते म्हणून टीएसएच खाली.

ग्रंथी बनवते ते मुख्यतः टी४, थोडं टी३. आकडा म्हणजे त्यात आयोडीनचे किती अणू आहेत ते. टी४ हा साठा समज, शरीरात, यकृतात, मूत्रपिंडात त्याचा एक अणू काढला की टी३ होतो आणि खरं काम टी३ करतो, हृदयाचा वेग, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल, लहान बाळाच्या मेंदूची वाढ. तुझ्या गोळीत टी४ असतं. त्याचा अर्धा भाग संपायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणूनच डोस बदलल्यावर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात, पंधरा दिवसांत बघून फायदा नाही.

महालवाली_वहिनी
अरे बाप्पा, १४ वर्षांत पहिल्यांदा समजलं. नंदनवनची लेक, आईला गोळी सुरू केलीच तर हे लिहून ठेव: उठल्याबरोबर उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या-एक तासाने. मी आधी चहासोबत घ्यायची आणि डोस वाढतच चालला होता. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. केसांसाठी बायोटिन घेत असेल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगायचं, त्याने रिपोर्ट चुकतो.

इतवारी_किराणा
मी डॉक्टर नाही, दुकान आहे माझं. आजकाल लोक सैंधव मीठ मागून राहिले, म्हणतात ते शुद्ध. थायरॉईडला कोणतं चांगलं?

सोनो_धंतोली
चांगला प्रश्न. भाऊ, सैंधव मिठात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. ग्रंथीला हार्मोन बनवायला आयोडीन लागतंच, मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम, गर्भवतीला २५०. आपल्या देशात १९६२ पासून गलगंडाविरुद्ध सरकारी कार्यक्रम आहे आणि पाकिटातल्या मिठात आयोडीन त्यासाठीच घालतात. उपासाला सैंधव वापरा, पण रोजच्या भाजीत आयोडीनवालं ठेवा, विशेषतः घरात गर्भवती बाई असेल तर. पण आयोडीनच्या मिठाने हाशिमोटो बरा होत नाही हेही ग्राहकांना सांगा, आणि वेगळ्या आयोडीनच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

नंदनवनची_लेक
सोमवारी जाऊन आली. अ‍ॅण्टी टीपीओ बरंच वाढलेलं आहे, म्हणजे सरांनी सांगितलं तसं हाशिमोटो. आईला लक्षणं आहेत म्हणून छोट्या डोसची गोळी सुरू केली, दोन महिन्यांनी टीएसएच. गाठीला सुई नको म्हणाले, वर्षाने सोनोग्राफी. घराण्यात कॅन्सर नाही ते सांगितलं.

आणि काल संध्याकाळी आईला आरशासमोर उभं करून पाण्याचा घोट घ्यायला लावला. तिला स्वतःलाच ते सरकताना दिसलं. तिने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, 'एवढीशी आहे ही?' मग मी तिला सगळं सांगून टाकलं, गाठीचंही. ती माझ्यापेक्षा शांत होती.

एक शेवटचं, सर. सोनोग्राफीचे काळे-पांढरे फोटो आहेत छोट्या कागदावर. मी उद्या लॅमिनेट करून घेते, चालेल न?

सोनो_धंतोली
लॅमिनेट अजिबात करू नका ताई! तो थर्मल कागद असतो, गरम मशीनमधून गेला की पूर्ण काळा होतो, दर महिन्याला कोणीतरी असा काळा झालेला कागद घेऊन येतं माझ्याकडे. उन्हात किंवा गाडीच्या डिकीतही ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात आपोआप खराब होतो. आजच मोबाईलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा, मूळ कागद फाईलमध्ये कपाटात, आणि त्या सेंटरला सीडी मिळते का विचारा. पुढच्या वर्षी जो कोणी सोनोग्राफी करेल त्याच्या हातात हे जुने फोटो आधी द्या, १.७ ची गाठ तेवढीच आहे की वाढली हे त्याला त्यावरूनच ठरवायचं आहे.

नंदनवनची_लेक
फोटो काढले. फाईल आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली आहे.